सर्व्हरवरची पॅकेजं अपग्रेड करायला कुठलं टूल घ्यावं? आधी परतीचा रस्ता बघा

प्रश्न थोडक्यात असा. जळगाव एमआयडीसीत चटया आणि पीव्हीसी पाइपचा कारखाना, त्याच शेठचं रावेरकडे केळीचं पॅकहाऊस. दोन्हीकडचे मिळून आठ सर्व्हर एकच ताई सांभाळतात. ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या : चार उबुंटू (दोन २२.०४, दोन २४.०४), दोन अल्मालिनक्स ९ ज्यावर ईआरपी (धंद्याचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) चालतं, बॅकअपसाठी एक फ्रीबीएसडी आणि ‘कोणीच हात लावत नाही’ असं एक सेंटओएस ७. त्या विचारतात : तयार बायनरी (आधीच बांधून आलेली) पॅकेजं अपग्रेड करायला सगळीकडे चालेल असं एकच चांगलं टूल आहे का? फ्रीबीएसडीवर पोर्टअपग्रेड, पोर्टमास्टर की पीकेजी? आपोआप अपग्रेड चालू ठेवावं का? आणि शेठ म्हणतात, ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ त्यांना काय सांगायचं?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून. सगळीकडे चालणाऱ्या एकाच टूलच्या नादी लागू नका. उबुंटूवर एपीटी, अल्मावर डीएनएफ, फ्रीबीएसडीवर पीकेजी. ज्या टूलने पॅकेज बसवलं त्यालाच त्याचा हिशोब माहीत असतो, दुसऱ्याने मध्ये हात घातला की तो हिशोब जुळेनासा होतो. आठ मशीनवर तेच तेच टाइप करायचा कंटाळा येत असेल तर वरून ॲन्सिबल (एका जागेवरून अनेक मशीनना आज्ञा देणारं टूल) घ्या. तेही आत शेवटी याच तीन टूल्सना हाक मारतं. सेंटओएस ७ ची गोष्ट वेगळी, ती शेवटी.

टूल किती वेगात चालतं, वेब पॅनेल देतं का, रंगीत यादी दाखवतं का, हे मी बघत नाही. पुढे जायला सगळीच टूल्स हुशार आहेत. मी दोनच गोष्टी बघतो. बिघडलं तर मागे कसं यायचं, आणि अपग्रेड झाल्यावर कुठली सर्व्हिस अजून जुन्याच लायब्ररीवर (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडवर) चालू आहे हे मला कोण सांगणार.

दुसरी गोष्ट आधी घेतो, कारण तिच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पॅकेज अपग्रेड होतं तेव्हा डिस्कवरची फाइल बदलते. पण जो प्रोग्राम आधीपासून चालू आहे, त्याने जुनी फाइल उघडून धरलेली असते. ती डिस्कवरून पुसली गेली तरी तो प्रोग्राम सोडत नाही तोवर ती त्याच्यापुरती जिवंतच राहते. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं हार्टब्लीड नावाचं भोक उघड झालं, तेव्हा नुसतं पॅकेज बदलून भागत नव्हतं. वेब सर्व्हर, मेल, व्हीपीएन, जे जे ती लायब्ररी वापरत होतं ते सगळं रीस्टार्ट होईपर्यंत भोक उघडंच होतं. यादीत नवीन आवृत्ती दिसते, मेमरीत जुनीच चालते, आणि आपण निर्धास्त.

उबुंटू सर्व्हरवर हे बघायचं काम नीडरीस्टार्ट करतं. तुमच्याकडे दोन जाती असल्यामुळे इथे सावध राहा. २२.०४ वर ते अपग्रेडनंतर चौकट उघडून विचारतं की यातल्या कुठल्या सर्व्हिस रीस्टार्ट करू. स्क्रिप्टमधून अपग्रेड चालवलं तर याच चौकटीपाशी काम अडून बसू शकतं. २४.०४ वर आपोआप होणाऱ्या अपग्रेडनंतर ते न विचारताच रीस्टार्ट करतं. म्हणजे त्याच गादीवर बसून तुम्ही दोन सर्व्हरना एकच आज्ञा देता आणि दोघं दोन तऱ्हांनी वागतात. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘फक्त यादी दाखव’, ‘विचार’ आणि ‘आपोआप कर’ असे तीन पर्याय आहेत, शिवाय अमुक सर्व्हिसला हात लावू नको असंही सांगता येतं. चारही मशीनवर एकच धोरण लिहून टाका. आणि नीडरीस्टार्ट स्वतःसुद्धा अपग्रेड ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातच साध्या युझरला थेट रूट (मशीनचा सर्वाधिकारी) करणाऱ्या चुका सापडल्या होत्या. राखणदारच फितूर निघायचा, अशातली गत.

अल्मावर ‘डीएनएफ नीड्स-रीस्टार्टिंग’ हेच सांगतं. ‘आर’ पर्याय दिला तर अख्खं मशीन रीबूट करायला हवं का तेही कळतं. फ्रीबीएसडीचं पीकेजी डीफॉल्टने कुठलीच सर्व्हिस रीस्टार्ट करत नाही. ते तुमच्या डोक्यावर. मला हे वागणं आवडतं, पण मग अपग्रेडनंतरची यादी स्वतः करावी लागते.

आता मागे येण्याबद्दल. इथे डीएनएफ सरळ सरस आहे. प्रत्येक व्यवहाराला तो क्रमांक देतो, ‘डीएनएफ हिस्टरी’ म्हटलं की कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं, आणि ‘हिस्टरी अनडू’ला क्रमांक दिला की तो व्यवहार उलटा करायला बघतो. ‘बघतो’ असं मुद्दाम म्हटलं. जुनं आरपीएम (अल्माची पॅकेज फाइल) रेपोत (पॅकेजांच्या भांडारात) किंवा तुमच्या कॅशमध्ये (उतरवून ठेवलेल्या साठ्यात) असेल तरच त्याला जमतं, म्हणून डीएनएफच्या कॉन्फिगमध्ये कॅश ठेवण्याचं सेटिंग चालू करा. डिस्क थोडी जाते, जाऊ द्या. शिवाय पॅकेज बसताना ज्या स्क्रिप्ट चालल्या, त्यांनी जे केलं ते अनडू होत नाही.

एपीटीच्या तुमच्याकडच्या आवृत्त्यांत असं उलटं फिरवणं नाही. आवृत्ती नावानिशी सांगून जुनं पॅकेज बसवता येतं, पण ते मिळायला तर हवं! उबुंटूच्या अपडेट रेपोत साधारण सगळ्यात ताजंच उरतं. एक बारीक फरक इथे कामाला येतो. ‘एपीटी-गेट’ने उतरवलेल्या डेब फाइल (उबुंटूची पॅकेजं) कॅशमध्ये राहतात, नुसतं ‘एपीटी’ वापरलं तर काम झाल्यावर त्या पुसल्या जातात. स्क्रिप्टमध्ये तसंही ‘एपीटी-गेट’च वापरावं, कारण ‘एपीटी’चं वागणं माणसासाठी आहे आणि ते आवृत्तीगणिक बदलू शकतं असं त्याचं मॅन्युअलच सांगतं. ॲप्टिट्यूड या आणखी एका टूलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत.

मग लोक म्हणतात, व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची अख्खी प्रत, घेतो की! घ्या, जरूर घ्या. पण स्नॅपशॉट मागे नेला की सगळंच मागे जातं. समजा सकाळी सातला स्नॅपशॉट घेऊन ईआरपीचं मशीन अपग्रेड केलं, अकरा वाजता कळलं की रिपोर्ट छापला जात नाही, आणि तुम्ही स्नॅपशॉट परत फिरवला. सात ते अकरामधली बिलं, गेट पास, केळीच्या गाड्यांची वजनं, सगळं गेलं. रिपोर्ट छापला गेला नसता तर शेठ तासभर ओरडले असते. वजनं गेली तर शेतकरी दारात येऊन बसतील. म्हणून पोस्टग्रेसचा डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवा आणि स्नॅपशॉट फक्त सिस्टिमच्या व्हॉल्यूमचा घ्या. डेटाबेसच्या किरकोळ आवृत्त्यांत डेटाची मांडणी तीच राहते, त्यामुळे सिस्टिम मागे नेली तरी डेटा चालतो. मोठी आवृत्ती बदलायची असेल तर तो वेगळा प्रकल्प समजा, पॅकेज अपग्रेडच्या रांगेत त्याला उभं करू नका. पोस्टग्रेसला डीएनएफच्या ‘व्हर्जनलॉक’ने कुलूप घाला, म्हणजे तुम्ही ठरवाल तेव्हाच ते हलेल. उबुंटूवर तेच काम ‘एपीटी-मार्क होल्ड’ करतं, आणि तिथे तर पोस्टग्रेसचं पॅकेज बदललं की डेटाबेस रीस्टार्ट होतोच, त्यामुळे कुलपाची गरज जास्त. मात्र कुलपांची यादी भिंतीवर लावा. कुलूप घालून विसरलेली पॅकेजं मी फार ठिकाणी बघितली आहेत.

आपलं गाव आणि आपली वीज, याचा टूलच्या निवडीशी काय संबंध? भरपूर आहे. उबुंटूत आपोआप अपग्रेडचा टायमर सकाळी सहाला लागतो, वर तासाभरापर्यंतची यादृच्छिक दिरंगाई. पण हे सहा वाजतात ते सर्व्हरच्या घड्याळाने. क्लाउडची इमेज तशीच उचलून आणली असेल तर घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आणि यूटीसीचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. पॅकहाऊसमध्ये गाड्या भरायची ऐन वेळ! टाइमझोन तपासा, आजच.

त्याच टायमरला दुसरी खोड आहे. ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल, तर चालू झाल्या झाल्या तो राहिलेलं काम उरकायला घेतो. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसला टेकलेला, पहाटे लाईट गेलेली, यूपीएसच्या बॅटऱ्या उन्हाळ्याने आधीच अर्धमेल्या. साडेसातला लाईट येते, सर्व्हर उठतो, उठता उठता कर्नल आणि लिबसी (सिस्टिमचा गाभा आणि तिची मूळ लायब्ररी) अपग्रेड करायला घेतो, आणि दहा मिनिटांत लाईट पुन्हा जाते. अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये (उबुंटूत आपोआप अपग्रेड करणाऱ्या टूलमध्ये) बॅटरीवर असताना काम करू नको असं सेटिंग आहे, पण ते लॅपटॉपसाठी. टेबलाखालच्या यूपीएसचं त्याला काही कळत नाही.

असं मध्येच तुटलं तर काय दिसतं ते सांगतो, कारण पहिल्यांदा बघणारा घाबरतो. एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीची ओळ आणि शेवटची ओळ असते. शेवटची ओळ गायब असेल तर काम अर्धवट राहिलं. एपीटीच्या पोटातलं मूळ टूल म्हणजे डीपीकेजी. ‘डीपीकेजी ऑडिट’ म्हटलं की कुठली पॅकेजं उलगडली पण बसवायची राहिली, ती नावं येतात. बहुतेक वेळा ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ला ‘ए’ पर्याय देऊन चालवलं आणि मग ‘एपीटी-गेट’ला तुटलेलं जोडायला सांगितलं की गाडी रुळावर येते. डीपीकेजीची स्थितीची फाइलच बिघडली असेल तर व्हार-बॅकअप्स फोल्डरमध्ये तिच्या आधीच्या प्रती असतात. या बाबतीत डीपीकेजी चिवट आहे. आरपीएमच्या बाजूला मध्येच वीज गेली तर एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या नोंदलेल्या राहतात, ‘डीएनएफ रिमूव्ह’ला ‘डुप्लिकेट्स’ पर्याय देऊन त्या साफ कराव्या लागतात. जमतं, पण घाम फुटतो.

म्हणून तुमच्यासाठी माझी मांडणी : टायमर मशीनगणिक वेगळ्या वेळी लावा, राहिलेलं काम चालू होताच उरकण्याची खोड बंद करा, आणि अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये ‘मिनिमल स्टेप्स’ चालू आहे ना ते बघा, म्हणजे काम छोट्या तुकड्यांत होतं आणि मध्ये थांबवता येतं. हाताने अपग्रेड करताना टीमक्स उघडून त्यातच करा. जळगावातून रावेरच्या मशीनवर एसएसएचने (दुरून लॉगिन करून) काम चालू असताना लाइन तुटली तर अपग्रेड तरी तुटणार नाही.

आपोआप चालू ठेवावं का? हो, पण सगळीकडे नाही. ८ मार्च २०२३ ला डेटाडॉग या मॉनिटरिंग कंपनीची सेवा जगभर आडवी झाली. त्यांनी नंतर स्वतःच कारण सांगितलं : उबुंटू २२.०४ च्या मशीनवर सिस्टिमडी या सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या भागाचं सुरक्षा अपडेट आपोआप लागलं, त्यात नेटवर्कची सर्व्हिस रीस्टार्ट झाली आणि कंटेनरांच्या नेटवर्कचे नियम पुसले गेले. अपडेट दुरुस्त होतं, टूलनेही सांगितलेलंच केलं. घात झाला तो वेळेने. वेगवेगळ्या क्लाउडवरच्या, एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवलेल्या मशीनवर तेच अपडेट त्याच तासाभरात लागलं. तुमच्याकडे आठच मशीन आहेत, पण आठही एका सकाळी आडवी झाली तर तुम्हाला ते तितकंच जड.

उबुंटूच्या चारही मशीनवर सुरक्षा अपडेट आपोआप लागू द्या, पण वेगवेगळ्या दिवशी. सगळ्यात बिनमहत्त्वाचं मशीन सोमवारी, पुढचं बुधवारी, असं. आपोआप रीबूट डीफॉल्टने बंद असतं, ते तसंच राहू द्या. व्हार-रन खाली ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल दिसली की साप्ताहिक सुट्टीला उरका. अल्माच्या दोघांवर डीएनएफ-ऑटोमॅटिक लावा, पण फक्त उतरवून ठेवण्यापुरतं आणि मेल पाठवण्यापुरतं. बसवायचं तुम्ही, हाताने, शेठला सांगून. मार्चअखेर, धनत्रयोदशी, अखाजी (अक्षय्य तृतीया), आणि केळीचा माल जोरात निघत असेल ते आठवडे, या काळात ईआरपीला अजिबात हात नको.

आता एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही. अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू आहे म्हणजे सगळं अपडेट होतंय, असं नाही. डीफॉल्टने ते फक्त उबुंटूच्या स्वतःच्या सुरक्षा रेपोतलं घेतं. डॉकरचा रेपो, पोस्टग्रेसचा रेपो, मॉनिटरिंग एजंटचा रेपो, तुम्ही बाहेरून जोडलेलं काहीही त्यात येत नाही. दुसरं म्हणजे, ज्या पॅकेजच्या कॉन्फिग फाइलमध्ये तुम्ही बदल केलाय आणि नव्या पॅकेजमध्येही ती फाइल बदलली आहे, तिथे डीपीकेजीला ‘तुमची ठेवू की माझी’ असा प्रश्न पडतो. विचारायला समोर कोणी नसतं, म्हणून अनअटेंडेड-अपग्रेड्स ते पॅकेज सोडून देतं. हळूच, लॉगमध्ये एक ओळ लिहून. आणि कॉन्फिग तुम्ही कुठल्या पॅकेजचं बदललेलं असतं? वेब सर्व्हरचं, मेलचं. म्हणजे जे जगाला उघडं आहे नेमकं तेच मागे राहतं. हा लॉग आठवड्याला एकदा वाचाच, किंवा मेलचा पर्याय चालू करा. ॲन्सिबलचं एपीटी मॉड्यूल अशा वेळी डीफॉल्टने तुमची जुनी फाइल ठेवतं आणि नवी शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ नावाने टाकतं. आरपीएममध्ये तिला ‘आरपीएमन्यू’ शेपूट लागतं. या शेपटांच्या फाइल शोधून फरक बघणं हे अपग्रेडचाच भाग समजा. इटीसीकीपर बसवलंत तर अख्खी इटीसी (कॉन्फिग फाइलींचं फोल्डर) गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) राहते आणि प्रत्येक अपग्रेडच्या आधी-नंतर आपोआप नोंद होते. फुकट आहे, पाच मिनिटांत बसतं, आणि माझ्या मते पॅकेज मॅनेजरनंतरचं सगळ्यात उपयोगी टूल तेच.

कुठलंही टूल हाताने चालवताना आधी कोरडी फेरी मारा. एपीटी-गेटला ‘एस’, पीकेजीला ‘एन’ पर्याय द्या. डीएनएफ तर यादी दाखवून विचारतोच, तिथे नाही म्हणा. लांबलचक यादी पूर्ण वाचायची गरज नाही. ‘काढली जाणारी पॅकेजं’ हा भाग शोधा. तो रिकामा असेल तर पुढे चला, तिथे एखादं ओळखीचं नाव दिसलं तर चहा घेऊन या आणि मग शांतपणे बघा. एपीटीत ‘अपग्रेड’ कधीच काही काढत नाही, ‘फुल-अपग्रेड’ काढू शकतं. रोजच्या कामाला पहिलंच पुरे.

फ्रीबीएसडीकडे येतो. पोर्टअपग्रेड आणि पोर्टमास्टर ही मुळात सोर्समधून बांधायची टूल्स. पोर्टअपग्रेडला फक्त बायनरी घे असं सांगता यायचं, पण ते जुन्या पॅकेज टूल्सच्या जमान्यात. जानेवारी २०१४ च्या १०.० पासून पीकेजी हेच मुख्य झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जुन्या टूल्सचा आधार संपला. बॅकअपच्या मशीनवर तुम्हाला खास बांधणीचं काही लागत नसेल, तर पीकेजी, बस्स. काही पॅकेजं पोर्टमास्टरने आणि काही पीकेजीने असा काला मात्र करू नका. पीकेजी डीफॉल्टने तिमाही शाखेतून घेतं, तुमचं पोर्ट्सचं झाड (सोर्समधून बांधायच्या कृतींचा संच) बहुधा ताज्या शाखेचं असेल, आणि मग लायब्ररीच्या आवृत्त्या जुळत नाहीत. एखाद्या पॅकेजला वेगळे पर्याय हवेच असतील तर पूड्रिएर या पॅकेज बांधणाऱ्या टूलने स्वतःचा छोटा रेपो बांधा आणि पीकेजीला तिकडे वळवा.

पीकेजीची एक खोड माहीत असू द्या. एखादं पॅकेज त्या खेपेला रेपोत बांधलंच गेलं नसेल, तर त्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी ते काढायला निघू शकतं. कोरडी फेरी इथे सगळ्यात जास्त वाचवते. तसं दिसलं तर काही दिवस थांबा, बहुतेकदा पॅकेज परत येतं. आणि झेडएफएस या फाइल सिस्टिमवर असाल तर मागे येण्याची सोय फ्रीबीएसडीइतकी सुरेख कुठेच नाही : अपग्रेडआधी ‘बीईसीटीएल’ने बूट एन्व्हायर्नमेंट (जिच्यातून परत बूट करता येतं अशी सिस्टिमची प्रत) बनवा, बिघडलं तर बूट मेन्यूतून जुनं निवडा. काही सेकंदांचं काम. ‘पीकेजी ऑडिट’ कुठल्या पॅकेजमध्ये माहीत असलेली सुरक्षा चूक आहे ते सांगतं. रोज रात्री चालवून मेल घ्या. बेस सिस्टिम मात्र तुमच्या मशीनवर फ्रीबीएसडी-अपडेटने होते, पीकेजीने नाही. दोन्ही करायचं.

रावेरकडची लाइन बारीक असेल तर एपीटी-कॅशर-एनजी एका मशीनवर बसवा. एकाने उतरवलेलं पॅकेज बाकीच्यांना तिथूनच मिळतं. ॲप्टली त्याच्या एक पायरी वर : रेपोचा आरसा घेऊन तो गोठवता येतो, आधी एका मशीनवर तपासून तोच गोठवलेला संच बाकीच्यांना देता येतो, आणि मागे यायचं तर आधीचा संच परत लावायचा. सुंदर टूल आहे. आठ मशीनसाठी मी घेणार नाही. त्याची देखभाल हेच एक काम होऊन बसतं. तीस-चाळीस सर्व्हर झाले की बोलू. ॲन्सिबलमध्ये ‘सिरियल’ एकवर ठेवा, म्हणजे एक मशीन नीट पार पडल्याशिवाय पुढचं घेत नाही.

यातल्या कुठल्याच टूलला न दिसणाऱ्या गोष्टीही असतात. ईआरपीवाल्याने झिपमधून उलगडलेलं टॉमकॅट, पायथनच्या पिपने आणलेलं, एनपीएमने आणलेलं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल (जावाच्या एका लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतलं भोक) आलं तेव्हा एपीटी आणि डीएनएफ दोघंही अशा जार (जावाच्या) फाइलींपुढे आंधळे होते. त्यांची वही वेगळी ठेवा, आणि ईआरपीवाल्याकडून लेखी घ्या की त्याने काय काय आत घातलंय.

शेठना काय सांगायचं? १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली एक चूक जाहीर झाली, लॉगिन न करता बाहेरून थेट रूट मिळण्याची शक्यता असलेली. तुमचे दोन्ही प्रकारचे उबुंटू आणि अल्मा ९ तिच्या तावडीत होते. ‘चालतंय’ आणि ‘उघडं आहे’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्यांना या उदाहरणाने पटेल. गंमत म्हणजे सेंटओएस ७ सुटलं, कारण त्याचं ओपनएसएसएच इतकं जुनं की ती चूक त्यात आलीच नव्हती. हे शेठना सांगू नका, ते लगेच ‘बघा, मी म्हणत होतो’ करतील.

उलटं टोकही सांगा, म्हणजे तोल राहील. सगळ्यात नवं ते सगळ्यात सुरक्षित, असंही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. ते डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत शिरलं होतं. स्थिर आवृत्त्यांवर बसलेले वाचले. म्हणून वितरणाच्या स्थिर शाखेत राहा आणि तिथली सुरक्षा अपडेटं वेळेवर घ्या. ऑडिटर येऊन म्हणेल, ‘तुमचं अपाची २.४.५२ आहे, जुनं आहे, बदला.’ उबुंटू २२.०४ मध्ये आकडा तोच राहतो, दुरुस्त्या मागून आणून त्यात जोडल्या जातात. त्याला ‘एपीटी चेंजलॉग’ काढून त्यातला सीव्हीई (जाहीर सुरक्षा चुकीचा) क्रमांक दाखवा. अल्मावर आरपीएमलाच चेंजलॉग विचारा. केवळ आकडा मोठा दिसावा म्हणून बाहेरचा रेपो जोडू नका.

राहिलं सेंटओएस ७. त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला, आरशांची यादी देणारा पत्ताही बंद झाला, त्यामुळे ‘यम अपडेट’ (यम हे तिथलं पॅकेज टूल) आता पत्त्याचं नाव सापडत नाही म्हणून रडतं. जुनी पॅकेजं व्हॉल्टमध्ये आहेत, पण तिथून आणलं तरी ती जून २०२४ पर्यंतचीच. अल्मावाल्यांचं एलिव्हेट टूल सातवरून आठ आणि आठवरून नऊ असं पायरीपायरीने नेतं, आधी तपासणीचा अहवालही देतं. मशीनवर काय आहे ते नक्की माहीत असेल तर ते वापरून बघायला हरकत नाही. पण कोणीच हात लावत नाही, याचा अर्थ आत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. तिथे मी शेजारी अल्मा ९ चं नवं व्हीएम उभं करेन, एकेक सर्व्हिस तिकडे नेईन आणि जुनं मशीन आधी इंटरनेटवरून तोडेन. महिनाभर ते नुसतं चालू ठेवा, नेटवर्क लॉगमध्ये कोण कोण त्याला हाक मारतंय ते बघा. एखादा वजनकाट्याचा पीसी किंवा गेटवरचा प्रिंटर हमखास निघेल, ज्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. तो सापडला की मला कळवा, जुन्या प्रिंटरांचे ड्रायव्हर नव्या अल्मावर कसे बसवायचे ते वेगळं लिहीन.